ओळखीच्या चालीचे पुढे काय होते

ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा वाद्यवृंद असतो, तेव्हा श्रोत्यांची अपेक्षा अगदी नेमकी असते. गायकाचा आवाज मूळ गायकासारखा नसला तर ते समजून घेतात. पण मुखड्यानंतरचा सतारीचा तुकडा चुकला, अ‍ॅकॉर्डियनच्या जागी कीबोर्डवर भागवले किंवा अंतऱ्याआधीची व्हायोलिनची ओळ गाळली, तर रांगेरांगेतून कुजबुज सुरू होते. याच शहरात महानगरपालिकेतर्फे पं. राम मराठे यांच्या स्मृत्यर्थ संगीत समारोह होतो आणि तिथेही बऱ्याच अंशी हीच मंडळी येऊन बसतात. नौपाडा, घंटाळी, पाचपाखाडी इथले कितीतरी चेहरे आता मला पाठ झाले आहेत. तिथे मात्र एखाद्या गायकाने मागे गायलेला पूरिया राग त्याच क्रमाने, त्याच तानांसह पुन्हा गायला, तर मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी त्याच्याविषयी फारसे चांगले बोलले जात नाही. एका संध्याकाळी तंतोतंत नक्कल हवी आणि दुसऱ्या संध्याकाळी नकलेचा तिटकारा, याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. मला मात्र यात ठाणेकर श्रोत्यांची पक्की समज दिसते. दोन प्रकारच्या गाण्यांकडून दोन वेगळ्या गोष्टी मागायच्या असतात, हे त्यांना कोणी न शिकवता ठाऊक आहे.

मी स्वतः हिंदुस्थानी राग, पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, पॉप आणि चित्रपटगीते असे सगळेच ऐकतो, आणि इतके वेगवेगळे एकाच माणसाला कसे काय आवडते, असे मला वारंवार विचारले जाते. त्या विचारण्यामागे संगीताची विभागणी देशांनी, वाद्यांनी किंवा प्रतिष्ठेने होते अशी समजूत असते. माझ्या कानाला दुसरीच विभागणी पटते. एखादे गाणे पूर्ण कुठे होते, एवढेच मी पाहतो: कागदावर, कलावंताच्या हातून त्या त्या बैठकीत, की ध्वनिमुद्रणाच्या खोलीत? ते एकदा ठरले की त्या गाण्याचे मोजमाप कशाने करायचे हेही ठरते. संगीतावरून होणारे बहुतेक वाद हे एका जागी पूर्ण होणाऱ्या गाण्याला दुसऱ्या जागेचे नियम लावल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

पाश्चात्त्य अभिजात संगीत कागदावर पूर्ण होते असे आपण ढोबळपणे म्हणतो, आणि ते बरेचसे खरे आहे. बाखच्या १७४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’मध्ये सुरुवातीला एक एरिया (गाण्यासारखी छोटी रचना), मग ३० व्हेरिएशन्स (बदललेली रूपे) आणि शेवटी पुन्हा तीच एरिया आहे, त्यातला प्रत्येक स्वर लिहिलेला आहे. तरीही ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकाने ही रचना १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केली तेव्हा ती सुमारे ३८ मिनिटांत संपली आणि १९८१ मध्ये पुन्हा वाजवली तेव्हा तिला सुमारे ५१ मिनिटे लागली. दुसऱ्या वेळी त्याने काही भागांच्या पुनरावृत्ती घेतल्या, हे एक कारण झाले. पण सुरुवातीची एरिया दोन्ही वेळा पुनरावृत्तीशिवायच वाजवलेली आहे, आणि तीही पहिल्या वेळी दोन मिनिटांच्या आत आटोपते, तर दुसऱ्या वेळी तीन मिनिटे घेते. ज्यांना पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हणजे लिहिलेले वाचून दाखवणे असे वाटते, त्यांनी ही दोन मुद्रणे एकामागून एक ऐकावीत. आणखी एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. या रचनेत व्हेरिएशन्स होतात ती वर ऐकू येणाऱ्या सुरावटीची नव्हेत. खालच्या, खर्जातल्या स्वरांची म्हणजे बेसची ओळ आणि तिच्यातून निघणारा स्वरसंगतीचा क्रम टिकून राहतो आणि वरचे सगळे पालटते. त्या एरियाचे बार, म्हणजे मात्रांचे समान खंड, ३२ आहेत.

(नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि त्याचे कार्यक्रम मी ऐकतो, पण उत्तरार्धातली सिम्फनी लांबली की सीएसएमटीहून सुटणारी लोकल डोळ्यांसमोर येते, आणि हा काही रचनाकाराचा दोष नव्हे.)

जॅझचे नाव काढले की मात्र आमच्याकडे एक विचित्र संकोच दिसतो. ख्यालातल्या लयकारीवर तासभर बोलू शकणारी माणसे जॅझपुढे एकदम नम्र होतात आणि ‘त्यातले आपल्याला काही कळत नाही’ म्हणून मोकळी होतात. माझे म्हणणे असे की ज्याने नाट्यसंगीत मनापासून ऐकले आहे, त्याला जॅझ न कळण्याचे काहीच कारण नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच व्यवहार आहे: सर्वांना ठाऊक असलेले गाणे घ्यायचे, आणि ठाऊक आहे म्हणूनच त्यापासून किती लांब जाता येते ते पाहायचे.

जॅझचे कलावंत ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, त्यांतली कितीतरी गाणी मुळात जॅझसाठी रचलेलीच नाहीत. ती ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतून, हॉलिवूडच्या चित्रपटांतून किंवा त्या काळच्या बाजारातल्या लोकप्रिय गाण्यांतून आली. त्यांचा साचा पुष्कळदा ३२ बारचा असतो: आठ बारची एक ओळ, तीच पुन्हा, मग आठ बारचा निराळा भाग आणि शेवटी पहिल्या ओळीकडे परतणे. या पूर्ण फेरीला जॅझवाले ‘कोरस’ म्हणतात. आपण आवर्तन म्हणावे. ड्रम, बेस आणि पियानो ते आवर्तन फिरवत ठेवतात आणि वादक त्यातल्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या) क्रमाला धरून प्रत्येक फेरीत नवे स्वर रचत जातो. मूळ चाल कोणीच वाजवत नसते, तरी ती श्रोत्याच्या मनात चालू असते. वादकाने आता काय केले हे कळण्यासाठी एवढे पुरेसे आहे की मूळ गाणे तुम्हाला गुणगुणता यावे. बाखच्या त्या खालच्या ओळीचे काम इथे कॉर्डचा क्रम करतो.

टेनर सॅक्सोफोन वाजवणारा कोलमन हॉकिन्स याने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी ‘बॉडी अँड सोल’ हे १९३० मधले लोकप्रिय गाणे ध्वनिमुद्रित केले, त्याचे उदाहरण मी नेहमी देतो. तीन मिनिटांची तबकडी, जेमतेम दोन आवर्तने, आणि मूळ चाल सुरुवातीच्या काही बारनंतर जवळजवळ नाहीशी होते. तरीही ती तबकडी लोकांनी उचलून धरली. केवळ जाणकारांनीच नव्हे, नाचघरात जाणाऱ्या सामान्य माणसांनीही. चाल ऐकू येत नसतानाही गाणे ओळखीचे राहते, हे त्यांना पटले असले पाहिजे. दुसरे उदाहरण आपल्याकडे सर्वांना माहीत असलेल्या गाण्याचे आहे. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा चित्रपट १९६५ चा. पण मूळ नाटक ब्रॉडवेवर १९५९ मध्ये आले, आणि त्यातले ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे धीर देणारे साधे गाणे जॉन कोल्ट्रेनने चित्रपटाच्या कितीतरी आधी, १९६० च्या ऑक्टोबरमध्येच मुद्रित केले. त्याचे ते वादन साडेतेरा मिनिटांहून मोठे आहे. गाण्याचा मुखडा तो पुन्हा पुन्हा घेतो, मधल्या जागेत मात्र कॉर्डची हालचाल थांबवून एकाच आधारावर लांबवर विहार करतो, आणि सोप्रानो सॅक्सोफोनचा तो किंचित अनुनासिक आवाज ऐकताना आपल्या माणसाला सनई आठवल्याशिवाय राहत नाही.

आता नाट्यसंगीत पाहा. १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी. दोघेही मैफलीच्या दुनियेतले जाणकार, आणि रंगभूमीवर त्यांनी जे आणले त्यात ख्यालाच्या बंदिशी, ठुमरी, दादरा असे मैफलीतच घडलेले पुष्कळ होते. खाडिलकरांनी त्यांवर मराठी शब्द बसवले, बालगंधर्वांनी ते घरोघरी पोचवले, आणि मग तीच पदे नव्या शब्दांसह पुन्हा मैफलीत शिरली. म्हणजे जॅझच्या गाण्याने नाटकघरापासून क्लबपर्यंतचा एकेरी प्रवास केला, तर आमच्या पदाने मैफल ते रंगभूमी आणि रंगभूमी ते मैफल असा परतीचा प्रवासही केला. याच कारणाने मराठी श्रोत्याला पद ऐकताना एकाच वेळी तीन गोष्टी ऐकू येतात: नाटकातला प्रसंग, मूळ राग, आणि आज हा गायक त्यात काय भर घालतो आहे ते. एवढा तयार कान असताना जॅझपुढे बिचकण्याचे कारण काय?

ठाण्यात राहणाऱ्याला या बाबतीत पुस्तकातले उदाहरण शोधावे लागत नाही. पं. राम मराठे इथेच राहत. लहानपणी त्यांनी ‘प्रभात’च्या ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) आणि ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटांत कामे केली. गाणे शिकले ते मास्टर कृष्णराव, जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंकडे. आणि १९६३ मध्ये विद्याधर गोखले यांचे ‘मंदारमाला’ रंगभूमीवर आले तेव्हा त्याचे संगीतही त्यांचे होते आणि प्रसाद सावकारांबरोबरची ती गाजलेली जुगलबंदीही त्यांचीच. चित्रपट, नाटक आणि ख्याल या तिन्ही ठिकाणी या माणसाची ये-जा होती, आणि नाट्यपद गाताना ते स्वस्त होते किंवा ख्याल गाताना ते दुर्बोध होते असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. त्यांच्या गाण्यात लयीशी चालणारी झटापट, समेवर येण्याआधी श्रोत्याला चकवण्याची ती हौस, ही मला चांगल्या जॅझ ड्रमरच्या वृत्तीच्या फार जवळची वाटते. म्हणून मैफलीच्या अखेरीला वेळ उरला तर एक नाट्यगीत, अशी जी पद्धत पडली आहे ती मला मान्य नाही. ज्या पदाला पाऊण तास द्यावा, त्याला सात मिनिटांत गुंडाळून भैरवीकडे धावण्याने दोघांचेही नुकसान होते.

साम्य दाखवताना फरक लपवणे बरोबर नाही. राग आणि जॅझ एकच, असे सांगणारे उत्साही लोक अधूनमधून भेटतात, आणि ते बहुधा १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’चा दाखला देतात. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या त्या तबकडीतल्या पहिल्या रचनेत ३२ बारच्या आवर्तनात १६ बार एक स्वरसप्तक, आठ बार तेच अर्ध्या स्वराने वर आणि पुन्हा आठ बार मूळ ठिकाणी, एवढाच ऐवज आहे, आणि ते सप्तक आपल्या काफी थाटाशी, म्हणजे त्या सात स्वरांच्या साच्याशी, जुळते. पण थाट म्हणजे राग नव्हे. तिथे चलन (रागाची ठरलेली वाटचाल) नाही, पकड (त्याची ओळख पटवणारा स्वरसमूह) नाही, आरोहात एक आणि अवरोहात दुसरे असा दंडक नाही, आणि मुख्य म्हणजे षड्जच अर्ध्या स्वराने सरकतो. आमच्याकडे तानपुरा जागचा हलत नाही आणि त्या स्थिर पायावर स्वर आपले नाते बदलत राहतात; जॅझमध्ये पायाच सरकत राहतो आणि तोच स्वर दर चार मात्रांनी नवा अर्थ घेतो. सरकत्या पायाचा आनंद आमच्या कानाला सवयीने मिळवावा लागतो. अवघड काय ते एवढेच आहे.

म्हणूनच मिश्रणाच्या बहुतेक प्रयोगांविषयी मी साशंक असतो. शंकर–जयकिशन यांची १९६८ ची ‘राग-जॅझ स्टाइल’ ही तबकडी ११ रागांवर आधारलेली आहे, तीत रईस खाँची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे, आणि ती ऐकायला अतिशय देखणी आहे. परंतु प्रत्येक राग काही मिनिटांत उरकायचा असल्याने रागाला रंगायला वेळ मिळत नाही आणि जॅझला भटकायला. १९७० च्या दशकातला ‘शक्ती’ हा वाद्यमेळ मला यापेक्षा कितीतरी सच्चा वाटतो. जॉन मॅकलॉक्लिनची गिटार, झाकिर हुसेन यांचा तबला, एल. शंकर यांचे व्हायोलिन आणि विक्कू विनायकराम यांचा घटम् यांत कॉर्डचा पसारा जवळजवळ नाहीच. ते एकत्र आले ते लयीच्या मैदानावर, आणि तिथे चौघांनाही बोलण्यासारखे पुष्कळ होते.

चित्रपटगीताकडे वळताना मला स्वरापेक्षा रोजगाराची गोष्ट आधी सांगावीशी वाटते. १९३० आणि १९४० च्या दशकांत मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझचे बँड होते आणि त्यांत गोव्याचे कितीतरी वादक होते. चर्चमधल्या संगीतशिक्षणामुळे त्यांना स्वरलिपी वाचता येत असे. चित्रपटांना मोठे वाद्यवृंद लागू लागले, तेव्हा पेटीवर बसवलेल्या चालीचे चाळीस-पन्नास वादकांसाठी कागदावर रूपांतर करून देणारी आणि समोरचा कागद पाहून लगेच वाजवणारी माणसे हवी होती, आणि ती नेमकी हीच होती. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही नावे श्रेयनामावलीत फारशी दिसली नाहीत, पण त्यांचे हात ऐकू येतात. चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक रात्री हॉटेलात वाजवी आणि सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदातही असे. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि गोव्याचा हा ट्रम्पेटवाला यांच्या भेटीतून हिंदी चित्रपटात जो स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, आला, तो माझ्या मते पुढच्या कोणत्याही जाहीर मिश्रणप्रयोगापेक्षा अधिक जिवंत होता, कारण त्यांना मिश्रण सिद्ध करून दाखवायचे नव्हते, शनिवारपर्यंत गाणे पुरे करायचे होते.

आणि तरीही चित्रपटगीत जॅझ होत नाही, ख्यालही होत नाही. वाजवणारे जॅझचे, चाल कधी यमनातली, व्हायोलिनची मांडणी युरोपची, पण गाणे पूर्ण होते ते ध्वनिमुद्रणाच्या क्षणी. १९६१ च्या ‘छाया’मधल्या एका द्वंद्वगीताचा मुखडा सलील चौधरींनी मोझार्टच्या ४० व्या सिम्फनीच्या सुरुवातीवरून घेतला, पुढचे सगळे त्यांचे आहे आणि आज ते गाणे म्हणजे तलत आणि लता यांनी गायलेले ते एकच मुद्रण, दुसरे काही नाही. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि चित्रपटगीताचा आकार त्या मापाने बेतला गेला. मुखड्याआधीचा तुकडा, अंतऱ्यामधले संगीत, शेवटचा परतीचा मुखडा, सगळे त्यात बसवलेले. तेव्हा गडकरीतला श्रोता सतारीच्या तुकड्यासाठी हट्ट धरतो तो योग्यच आहे. तो तुकडा सजावट नाही, रचनेचा भाग आहे. गूल्डच्या श्रोत्यांनी बाखचा एक बार गाळलेला खपवून घेतला असता का?

तीन मिनिटांचे बंधन फक्त चित्रपटाला नव्हते, हे मात्र आपण विसरतो. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी आहे, तीत ग्लेन गूल्डने वाजवलेला बाख आहे ४ मिनिटे ४८ सेकंदांचा, केसरबाई केरकरांची भैरवी आहे ३ मिनिटे ३० सेकंदांची, लुई आर्मस्ट्राँगचे जॅझ आहे ३ मिनिटे ५ सेकंदांचे आणि चक बेरीचे रॉक अँड रोल २ मिनिटे ३८ सेकंदांचे. तासातासाच्या मैफली गाजवणाऱ्या केसरबाई तिथे आर्मस्ट्राँगपेक्षा जेमतेम अर्धा मिनिट अधिक गातात. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, तेव्हा ख्यालाने आणि जॅझने ती जागा लगेच व्यापली. कोल्ट्रेनचे ते वादन तिच्याशिवाय शक्यच नव्हते. चित्रपटगीत तीन-चार मिनिटांतच राहिले, कारण तोवर तो त्याचा स्वभाव झाला होता. त्या सोनेरी तबकडीवर चित्रपटगीत एकही नाही. निवडणाऱ्यांनी मुंबईच्या एखाद्या चांगल्या स्टुडिओत डोकावायला हवे होते, असे मला आजही वाटते.

इथे आमच्याकडच्या एका आवडत्या छंदाविषयी थोडे कठोर बोलतो. चित्रपटगीत लागले की राग ओळखायचा, आणि ओळखला की गाण्याला जणू प्रमाणपत्र मिळाले असे मानायचे. ‘बैजू बावरा’मध्ये (१९५२) उस्ताद अमीर खाँ आणि पं. डी. व्ही. पलुस्कर गायले म्हणून तो चित्रपट संगीतदृष्ट्या श्रेष्ठ, आणि आर. डी. बर्मन यांच्या गाण्यात राग सापडत नाही म्हणून ते हलके, हा हिशेब मला मान्य नाही. एखादे गाणे यमनात आहे हे सांगण्याने त्याच्या चांगलेपणाविषयी काहीच सांगून होत नाही. यमनात सुमार गाणीही भरपूर आहेत. ‘आराधना’तल्या (१९६९) एका गाण्यात केरसी लॉर्ड यांचे अ‍ॅकॉर्डियन श्वास घेतल्यासारखे वर येते आणि मागे जाते, ते कोणत्या थाटाचे आहे हे विचारणाऱ्याला त्या गाण्यात काय चालले आहे ते ऐकूच आलेले नाही.

पॉपविषयी मला कमी सांगायचे आहे, पण जे आहे ते तुच्छतेचे नाही. पॉप हे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पूर्ण होणाऱ्या संगीताचे सर्वांत शुद्ध रूप आहे. बीटल्सनी १९६६ च्या ऑगस्टनंतर तिकीट लावून मैफली करणे थांबवले आणि पुढच्याच वर्षी त्यांची सर्वांत गाजलेली तबकडी आली, जी रंगमंचावर वाजवता येण्यासारखी नव्हतीच. चाल, शब्द, आवाजाचा पोत, गिटार कोणत्या यंत्रातून गेली, हे सगळे मिळून ती रचना आहे. १९६८ च्या जानेवारीत त्यांच्यातलाच जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला आणि इथल्या वादकांना घेऊन त्याने मुद्रण केले, तेही याच पद्धतीने: वाजलेले घेऊन जायचे, गाणे पुढे लंडनमध्ये पुरे करायचे.

यामुळेच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डिसेंबर २०१९ मध्ये यू टू या आयरिश बँडची मैफल ऐकताना मला गडकरीतल्या वाद्यवृंदाची आठवण झाली. त्यांनी १९८७ ची आपली तबकडी पहिल्या गाण्यापासून अकराव्या गाण्यापर्यंत त्याच क्रमाने वाजवली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गावरची लोकल पकडून आलेली तरुण मंडळी प्रत्येक गिटारचा तुकडा तोंडाने म्हणत होती आणि तो तसाच आला की ओरडत होती. वाद्यांची ताकद अफाट, पडदा प्रचंड, पण मागणी तीच: मुद्रणात आहे ते समोर उभे करा. शास्त्रीय संगीताचे जाणकार याला यांत्रिक म्हणतात, पण हजारो लोकांनी एकच तुकडा एकाच क्षणी ओळखणे हा वेगळा आनंद आहे, आणि तो ख्यालाच्या मैफलीत मिळू शकत नाही. पॉपची खरी काळजी मला दुसरीकडून वाटते. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद ऐकले गेले तरच ते ऐकले म्हणून मोजले जाते. मग मुखड्याआधीचा तुकडा आखडतो, ओळख करून देण्याआधीच गाण्याची सर्वांत आकर्षक ओळ पुढे केली जाते, आणि ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावण्याची कला नाहीशी होऊ लागते. ७८ गतीच्या तबकडीने गाण्याच्या शेवटावर मर्यादा घातली होती. या नव्या मोजणीने ती सुरुवातीवर घातली आहे, आणि दोहोंपैकी ही अधिक जाचक आहे.

मग चित्रपटगीत आणि भावगीत कायमचे मुद्रणातच बंद राहावे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि इथे आपण जॅझकडून सरळ एक सवय उचलावी. अमेरिकन वादकाने लोकप्रिय गाणे घेऊन त्याचा विस्तार करण्यात कमीपणा मानला नाही. आमच्या ख्यालगायकाने नाट्यपद घेतले, अभंग घेतला, चित्रपटगीताला मात्र हात लावला नाही. राम फाटक यांच्या चाली घेऊन पं. भीमसेन जोशींनी अभंगवाणीत काय केले ते सर्वांनी ऐकलेले आहे: काही मिनिटांच्या मुद्रणातली चाल मैफलीत कितीतरी पसरत असे आणि तरी ती तीच राही. मेहदी हसन यांनी चित्रपटांत गायलेल्या गझला मैफलीत अशाच फुलवल्या. मार्ग आहे, चालणारे कमी आहेत.

अर्थात प्रत्येक गाणे हे सोसणार नाही. ज्याचे सारे बळ वाद्यांच्या मांडणीत आहे ते गाणे तानपुऱ्यावर आणले तर उघडे पडेल, आर. डी. बर्मन यांची बरीचशी उत्तम गाणी यात येतात आणि त्यांना त्यांच्या मुद्रणातच सुखाने राहू द्यावे. ज्या गाण्याची चाल वाद्यांशिवायही उभी राहते, ज्याच्या मुखड्याला परतून येण्याजोगी ठाम सम आहे आणि ज्याचे शब्द दहा वेळा उच्चारले तरी झिजत नाहीत, ते गाणे योग्य. अशी गाणी ठाण्याच्या दाराशीच आहेत. कधी काळी या शहराचे नगराध्यक्षपद भूषवलेले जनकवी पी. सावळाराम यांनी लिहिलेली, वसंत प्रभूंनी चाल दिलेली आणि लताबाईंनी गायलेली भावगीते आजही इथल्या दिवाळी पहाटेला हटकून ऐकू येतात, पण नेहमी मुद्रणाप्रमाणे, साडेतीन मिनिटांत. राम मराठे समारोहात एखाद्या तयारीच्या गायिकेने त्यांतले एक घ्यावे. सुरुवातीचे व्हायोलिन आणि मधले तुकडे सोडून द्यावेत, तानपुरा, पेटी आणि तबला एवढ्यावर मुखडा मांडावा, मूळ चाल एकदा सरळ म्हणून दाखवावी आणि मग तिच्या मागे लागावे. निवेदकाने आधी काही समजावून सांगू नये. आणि आयोजकांनी वेळ अर्ध्या तासापेक्षा कमी देऊ नये.